बावन्न किलो चारशे

मुलीचा फोन एरवी रविवारी दुपारी यायचा. त्या दिवशी मंगळवार होता, आणि सकाळचे साडेसातही वाजले नव्हते. काटेवाल्यांनी अर्धी पुसलेली हनुवटी तशीच ठेवून फोन उचलला.

"बाबा, घरी कोण आलंय?"

"कोण येणार? मी आहे आणि गळका नळ आहे."

"आत्ता बाथरूममध्ये कोण होतं?"

"मीच होतो. दाढी करत होतो. का गं?"

मग ती जपून, एकेक शब्द वाचल्यासारखी म्हणाली, "आईचा फोन माझ्याकडे आहे ना. मी तो चार्ज करून ठेवते. त्यावर आत्ता एक मेसेज आलाय. 'क्रमांक दोन, पुन्हा स्वागत आहे. आजचं वजन एकोणसाठ किलो शंभर.'"

क्रमांक दोन म्हणजे आई. आणि आईला जाऊन साडेपाच महिने झाले होते.

काटेवाल्यांनी अडतीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले होते. भाजीवाल्यांचे तागडीकाटे, सोनारांचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे, गोदामातले पोती तोलायचे काटे. लोक त्यांना काटेवाले म्हणायचे, शेजारी म्हणायचे, आणि लाडात आली की बायकोसुद्धा म्हणायची. ती स्वतः सोसायटीच्या हॉलमधल्या 'मॅडम'. साठी ओलांडलेल्यांना ती व्यायाम शिकवायची. खुर्चीतून हात न टेकता उठायचं कसं, एका पायावर उभं राहायचं कसं, पडलो तर जमिनीवरून उठायचं कसं. अंगाने काडी, पण मूठ अशी की घट्ट बसलेली झाकणं काटेवाले निमूटपणे तिच्याकडे सरकवायचे.

घरात तिचं राज्य होतं. टेबलावर सात खणांची गोळ्यांची डबी, दाराच्या कडीला रबराचे पट्टे, खिडकीत मुठीची ताकद मोजायचं यंत्र. कपाटात डब्यांची रांग: प्रोटीनची पावडर, कॅल्शियम, आठवड्यातून एकदा घ्यायचं व्हिटॅमिन डी, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. काटेवाले यातून जमेल तेवढी सुटका करून घ्यायचे. "मी लोखंड उचलून म्हातारा झालोय, मला रबर कशाला?" असं म्हणून ते पट्ट्यांवर टॉवेल वाळत घालायचे.

वजनाचं यंत्रही तिनेच आणलं होतं. काचेचं, चपटं. तिने ते बेसिनपुढे मांडलं, म्हणजे दात घासताना, दाढी करताना माणूस आपोआप त्यावर उभा राहणार. नवरा क्रमांक एक, सहासष्ट किलो; आपण क्रमांक दोन, साडेबावन्न; अशी नोंद करून तिने यंत्र घरच्या वायफायवरून आपल्या फोनला जोडलं. मग आकड्याच्या खिडकीवर चक्क कागदाची पट्टी चिकटवली.

"हे काय?" काटेवाले हबकलेच होते. "काट्याचं तोंड बांधतेस?"

"रोज आकडा बघणारा माणूस येडा होतो, अहो. यंत्राला बघू दे. आपण महिन्यातून एकदा रेघ बघायची."

आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे उघडे करून दाखवणाऱ्याच्या घरात काटा झाकलेला, यावर दोघं पुष्कळ हसली होती. मग सवय झाली. यंत्र फरशीचाच भाग होऊन गेलं.

तिला छातीत कफ झाला आणि ती नऊ दिवसांत गेली. हॉलमधले सगळे भेटायला आले. एक म्हातारे गृहस्थ मात्र दारातच थांबून म्हणाले, "मॅडमच जातात, तर आम्ही उठाबशा कशाला काढायच्या?" काटेवाल्यांनी तो प्रश्न उचलून घरात आणला आणि रोज त्याच्याशेजारी बसायला लागले. जिने सगळं केलं ती गेली. ज्याने पट्ट्यांवर टॉवेल वाळवले तो राहिला.

मुलगी पंधरा दिवसांनी परत गेली. जाताना आईचा फोन घेऊन गेली. त्यानंतर एका दुपारी काटेवाल्यांनी ते कपाट उघडलं. अकरा डबे. तीन तर अजून न उघडलेले. तिच्या अक्षरात प्रत्येकावर चिठ्ठी: सकाळी, दुपारी, जेवणानंतर. ते टाकून देणं म्हणजे तिलाच बाहेर ठेवण्यासारखं वाटलं. त्यांनी पहिल्या डब्याचं झाकण फिरवलं. एवढी वर्षं चुकवलेलं सगळं त्यांनी त्या दिवसापासून चोख सुरू केलं. पाण्यात पावडर सकाळ-संध्याकाळ, दुपारी कॅप्सूल, झोपताना कॅल्शियम. जेवण मात्र हळूहळू सुटत गेलं. एकट्यासाठी भांडं चुलीवर चढवायचं, मग ते घासायचं, आणि मधे समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत घास गिळायचा. डब्यांवर तर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, हाडं, स्नायू, शक्ती. एवढं सगळं पोटात जातंय, मग एक वेळचं जेवण राहिलं तर काय आभाळ कोसळणार? पुढे दोन्ही वेळचं राहायला लागलं.

कमरेच्या पट्ट्याला त्यांनी पंचने नवीन भोक पाडलं. मग दुसरं. विजारी धुऊन धुऊन सैल होतात, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं.

आणि आता हा फोन.

"यंत्र बिघडलंय," ते मुलीला म्हणाले. "आत पाणी गेलं असेल. तपासतो."

पण तपासलं नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, तिसऱ्याही दिवशी आला. मुलगी रोज फोन करायला लागली. पहिल्या आठवड्यात तिच्या आवाजात भीती होती. मग भीती कमी झाली आणि तिच्या जागी वाट बघणं आलं. काटेवाल्यांना ते ओळखू येत होतं, कारण तेही वाट बघायला लागले होते.

"बाबा, ती रोज येते. सव्वासातला. आणि वजन उतरतंय. एकोणसाठ, अठ्ठावन्न, आज सत्तावन्न आठशे." ती थांबली. "आईच्या वजनाकडे चाललंय. म्हणजे लांबून चालत घरी यावं ना कोणी, तसं."

"सव्वासातला तर मी असतो तिथे."

"मग तुम्हाला काही जाणवत नाही?"

त्यांनी नळाचं काही तरी सांगून विषय बदलला. कारण जाणवत होतं. आदल्याच दिवशी तोंडाला फेस लावून ते बेसिनवर वाकले असताना डाव्या खांद्यामागे कोणी तरी आपली पाळी येण्याची वाट बघत उभं असल्यासारखं वाटलं होतं. ती तशीच उभी राहायची. "झालं का?" असं विचारायची आणि उत्तराची वाट न बघता त्यांच्या बाजूने हात घालून आपला ब्रश घ्यायची.

एका सकाळी त्यांनी ठरवलं, आज पाहायचंच. सात वाजता बाथरूमचं दार उघडं ठेवून ते बाहेर स्टुलावर बसले. आत गेले नाहीत, दाढी केली नाही. आरशाचा एक तुकडा दिसत होता, नळ ठिबकत होता, यंत्राची काच चमकत होती. साडेसात झाले, आठ झाले. त्यांचे पाय बधिर झाले.

साडेआठला मुलीचा फोन. आवाज रडवेला. "बाबा, आज ती आली नाही."

त्यांना अपराधी वाटलं. बायकोला असं चोरून बघितलेलं कधीच खपत नसे. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे आत गेले, नेहमीसारखी दाढी केली, आणि मुलीचा फोन आला, "आली, बाबा. आज आली."

म्हणजे आपण असलो तरच ती येते, एवढं काटेवाल्यांना कळलं. मग ते बेसिनपुढे थोडं उजवीकडे सरकून उभे राहायला लागले. तोंड धुतल्यावर मान वर करून आरशात बघायचं त्यांनी सोडून दिलं. दिसली तर काय, आणि नाही दिसली तर काय, दोन्हीची धास्ती सारखीच होती. दाढी भराभर उरकायचे, तिचा खोळंबा नको म्हणून. बोलायचेही. "पावडर संपत आली गं, शेवटचा डबा उघडला," किंवा "पोरगी रोज फोन करते हल्ली, खूश आहे." कधी तिच्या गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास यायचा. ते मलम त्यांनी स्वतः तिच्या कपड्यांबरोबर देऊन टाकलं होतं.

टपालताई आल्या त्या याच दिवसांत. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या. टपाल वाटून निवृत्त झालेल्या, हॉलमधल्या मॅडमच्या सगळ्यांत जुन्या विद्यार्थिनी, आणि आता त्याच वर्ग घेत होत्या. आजारपणाच्या दिवसांपासून घराची एक किल्ली त्यांच्याकडेच होती. काटेवाल्यांनी दार उघडलं आणि त्यांच्या हातातल्या पिशवीतली फळं जवळजवळ खालीच पडली.

"अगं बाई! काका, किती वाळलात!"

"वय झालं, ताई."

"वय माझंही झालंय. मी काय अशी खुंटीवरच्या शर्टासारखी दिसते?" त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. ओटा कोरडा ठणठणीत होता. "जेवता ना?"

"सगळं घेतो. तिचे सगळे डबे. वेळच्या वेळी."

"डबे नाही विचारले मी." ताईंनी एक खुर्ची ओढली. "बसा. हात छातीवर. अर्ध्या मिनिटात किती वेळा उभे राहता बघू. मॅडम असत्या तर त्यांनी आधी हेच करायला लावलं असतं."

मॅडमचं नाव काढल्यावर नाही म्हणता येईना. ते बसले, उठले. दुसऱ्यांदा उठताना मांड्या थरथरल्या. सहाव्यांदा अर्धवट उठून ते धपकन खाली बसले.

"मॅडमच्या वहीत तुमच्या वयाला बारा लिहिलंय," ताई हळूच म्हणाल्या. "डॉक्टरांकडे जाऊ या. मी येते बरोबर."

"दमलोय आज. उद्या बघू," म्हणत काटेवाल्यांनी त्यांना दारापर्यंत नेलं. दार जरा जोरातच लागलं. त्यांना राग आला होता तो ताईंचा नव्हता. सकाळी सव्वासातला जे घडत होतं त्यात तिसरं कोणी यायला नको होतं.

पण ताई गेल्यावर त्यांच्यातला जुना कारागीर जागा झाला. इतके दिवस आपण एका यंत्राच्या शब्दावर जगतोय, आणि ते यंत्र एकदाही तपासलेलं नाही! ते खरं असेल तर शंकेला जागा राहणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पलंगाखालची पेटी ओढून काढली. आत त्यांची प्रमाण वजनं होती, तळाशी शिशाचे शिक्के मारलेली. वीस किलोच्या वजनाला त्यांनी हात घातला. ते हललंही नाही. एके काळी अशी दोन वजनं दोन हातांत घेऊन ते जिने चढायचे. त्यांनी पुन्हा जोर लावला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा ते वजन सोडून दिलं.

मग त्यांनी पाच-पाच किलोची वजनं काढली आणि एकेक करून पोटाशी धरून बाथरूमपर्यंत नेली. दहा खेपा. दर दोन खेपांनी स्टुलावर बसायचं. शेवटी यंत्राच्या काचेवर दहा वजनांचा चौथरा उभा राहिला. त्यांनी बायकोची मनातल्या मनात माफी मागून कागदाची पट्टी सोलून काढली. पन्नास किलो. चोख. असा काटा ते डोळे मिटून पास करत आले होते.

म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. स्टुलावर बसल्या बसल्याच त्यांना हुंदका आला. ती खरंच येत होती.

तेवढ्यात मुलीचा फोन वाजला.

"बाबा, आज आई दोनदा आली! सकाळी चोपन्न तीनशे, आणि आत्ता परत. आत्ता बरोबर पन्नास. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही."

काटेवाल्यांनी समोरच्या लोखंडाकडे पाहिलं.

काट्याला माल कळत नाही, वजन तेवढं कळतं. हे वाक्य त्यांनी गिऱ्हाइकांना हजारदा ऐकवलं असेल. यंत्राला दोन माणसं सांगितलेली होती, एक सहासष्टचं आणि एक साडेबावन्नचं. समोर येईल ते ज्याच्या जवळचं, त्याच्या नावावर जाणार. पन्नास किलोचं ओतीव लोखंड तिच्या नावावर गेलं. मग रोज सव्वासातला जे उभं राहत होतं ते?

"बाबा? आहात ना?"

"आहे. नंतर बोलतो."

त्यांनी दहाही वजनं खाली उतरवली. चपला काढल्या आणि यंत्रावर उभे राहिले. आकडा लुकलुकला, स्थिर झाला. चोपन्न किलो दोनशे. कोपऱ्यात बारीक अक्षरात: दोन.

बऱ्याच दिवसांनी त्यांनी मान वर केली. आरशात गालफडं बसलेला, मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या दिसणारा एक माणूस होता. सहासष्टातला बारा किलोंचा माणूस कुठे गेला हे त्यांना ठाऊक नव्हतं. राहिलेला सगळा तिच्या मापाचा होत चालला होता.

त्यांनी मुलीला हे सांगायला हवं होतं. त्या संध्याकाळी दोनदा फोन हातात घेतला. सांगितलं तर ती आईला दुसऱ्यांदा गमावणार, आणि बापासाठी धावत येणार. हे त्यांनी स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. मेसेज थांबायला नको होते. बायको येत नव्हती, हे कळूनसुद्धा सकाळी डाव्या बाजूला जागा सोडल्याशिवाय त्यांना उभंच राहता येईना. उलट आता ती जास्त जवळ आली. आधी शेजारी होती. आता त्यांच्याच पायांवर उभी राहत होती.

त्यांनी कपाटातली तिची वजनांच्या नोंदींची वही काढून दवाखान्यात जाण्याआधीचा तिचा शेवटचा आकडा शोधला. बावन्न किलो चारशे. मग पावडर अर्धी केली. टपालताईंची फळं टोपलीत सुरकुतली. बेल वाजली तर ते आतून "झोपलोय" म्हणून ओरडायचे. रोज आकडा बघणारा माणूस येडा होतो, असं ती म्हणायची ते शब्दशः खरं होत होतं आणि त्यांना ते कळतही होतं. त्रेपन्न पाचशे. त्रेपन्न. बावन्न सातशे. मुलगी रोज आकडा सांगायची, ते "हो का?" म्हणायचे, आणि दोघंही त्यापुढे काही विचारत नसत.

एका गुरुवारी तो आकडा आला. बावन्न चारशे. तो हलेना म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला. तिचं सगळं वजन, जसंच्या तसं, त्यांच्या तळव्यांखाली होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना थंडी वाजली नाही. ते बोलले, "आलीस?"

आणि गुडघे दुमडले.

शुद्ध आली तेव्हा गाल ओल्या फरशीवर होता आणि एक हात यंत्रावर. कंबरेतून कळ येत होती. हाक मारायला गेले तर घशातून नुसती हवा आली. हात टेकून उठायला गेले, यंत्रावरचा हात घसरला. पुन्हा टेकला, पुन्हा घसरला. बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला, वाजत राहिला, थांबला, परत वाजला.

"घाई नाही," डाव्या कानाशी कोणी तरी म्हणालं. "आधी कूस बदला."

हॉलमधला हा धडा तिने दर आठवड्याला घेतला होता आणि ते दर आठवड्याला बाहेर पेपर वाचत बसले होते. तरी त्यांनी कूस बदलली.

"आता कोपर. मग गुडघे. रांगा. लाज कसली वाटते? स्टूल कुठे आहे बघा. श्वास सोडा, अहो, श्वास सोडा."

तिकडे दूरच्या शहरात मुलीच्या हातातल्या फोनवर एकामागून एक मेसेज येत होते. 'अनोळखी व्यक्ती: सात किलो दोनशे. ही तुम्ही आहात का?' 'अनोळखी व्यक्ती: अकरा किलो.' 'अनोळखी व्यक्ती: चार किलो सहाशे.' तिने वडिलांना पाच वेळा फोन लावला आणि सहावा टपालताईंना.

ताई किल्लीने दार उघडून आत आल्या तेव्हा काटेवाले बाथरूमच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून, स्टुलाचा पाय धरून बसलेले होते. इथवर कसे आलात, असं ताईंनी विचारलं. त्यांनी नुसतं डावीकडे पाहिलं. पुढे हे कोणीही विचारलं तरी त्यांचं उत्तर तेवढंच असायचं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या पण स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, नशीब. ताईंनी आणून दाखवलेले डबे त्यांनी एकेक करून पाहिले. "वाईट यातलं काही नाही," त्या म्हणाल्या. "काही तुमच्या उपयोगाचंही आहे. पण काका, हे सगळं जेवणाच्या जोडीचं आहे, जेवणाच्या बदल्यातलं नाही. शरीराने खायला मागितलं, तुम्ही दिलं नाही, तेव्हा त्याने तुमचे स्नायू खाल्ले."

मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली. खाटेशी बसून तिने त्यांचा हात हातात घेतला, आणि मनगट बोटांच्या कडीत सहज मावलं तशी ती दचकली. काटेवाल्यांनी तेव्हाच सगळं सांगून टाकलं. लोखंडाची वजनं, कोपऱ्यातला दोन, अर्धी केलेली पावडर. ती ओरडेल, रडेल, असं त्यांना वाटलं होतं. ती खालीच बघत राहिली.

"मला माहीत होतं, बाबा."

"काय?"

"आईच्या फोनमध्ये तुमचंही पान आहे. त्याचे मेसेज येत नाहीत, नुसती रेघ असते. क्रमांक एक. ज्या दिवशी आईची रेघ सुरू झाली, त्याच दिवशी तुमची थांबली होती. मी पाहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "पाहिलं आणि ते पान बंद करून टाकलं. परत उघडलंच नाही. रोज सकाळी आई यायची ना. तुम्ही वाळत होतात आणि मी रोज वाट बघत होते, आज किती उतरलं म्हणून."

काटेवाल्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड नव्हता, पण ती त्याखाली वाकून बराच वेळ रडली.

ती महिनाभर राहिली. घरात पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू झाला. सुरुवातीला पातळ डाळ आणि मऊ भात, मग अंडी, दही, शेंगदाणे. पावडर आता दुधात आणि जेवण झाल्यावर. टपालताईंनी त्यांना हॉलमध्ये नेऊन शेवटच्या रांगेत खुर्ची दिली. जुने लोक त्यांच्याकडे चोरून बघायचे. ते म्हातारे गृहस्थ शेजारीच बसायचे. ते अजून यायचे, उठाबशांना शिव्या घालत. काटेवाले पहिल्या दिवशी पाच वेळा उठले, महिन्याने नऊ वेळा.

जाण्याआधी मुलीने विचारलं, "क्रमांक दोन काढून टाकू का यंत्रातून?"

"नको," ते म्हणाले. "तू नको काढूस."

हद्द कुठे आहे हे त्यांना नेमकं माहीत होतं. सहासष्ट आणि साडेबावन्न यांच्या बरोबर मधे: एकोणसाठ किलो अडीचशे. त्याच्या खाली ती, वर ते. सत्तावन्न, अठ्ठावन्न, रेघ चढत होती, आणि मुलगी फोनवर आता आकडा सांगायची नाही, फक्त "आज आली" एवढंच. मग एकोणसाठ. एक सकाळ तिची, एक त्यांची, परत तिची. हद्दीवर एवढी पातळ जागा होती की एका ग्लास पाण्याने निकाल फिरला असता. पुढचा आठवडाभर ते पाणी न पिता, अनशापोटी, सगळे कपडे काढून यंत्रावर उभे राहिले. आठवडाभर कोपऱ्यात दोन दिसत राहिला. आरशात ते आता बघायचे. मागे कोणी नसायचं. मलमाचा वास येईनासा झाला होता. डावीकडची जागा मात्र भरलेली वाटायची, अजूनही, आणि ती जागा अंगावर यायची.

सोमवारी ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून त्यांनी एक ग्लास पाणी प्यायलं. मग दोन अंडी उकडून खाल्ली, दूध प्यायलं. नंतर आणखी एक ग्लास पाणी. घाई केली नाही. सव्वासात होऊन गेले होते. दाढी करताना त्यांनी खाली पाहिलं नाही, पण तोंड पुसताना नजर खाली गेली आणि कोपऱ्यातला एक दिसलाच.

"झालं माझं," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

त्या सकाळी मुलीचा फोन आला नाही. त्यांनीही केला नाही. दिवसभर घर इतकं शांत होतं की नळ दुरुस्त करणं भाग पडलं. रिंग काढली, नवी बसवली, ठिबकणं थांबलं, आणि मग ते आणखीच शांत झालं. हॉलमध्ये त्या दिवशी ते मोजणं विसरले. टपालताई म्हणाल्या, दहा.

संध्याकाळी फोन वाजला.

"जेवलात?" मुलीने विचारलं. आवाज रडून झाल्यावर असतो तसा होता.

"अजून नाही. चढवतोय आत्ता."

"काय करताय?"

त्यांनी सगळं सांगितलं, काय चिरलं, किती घेतलं, मीठ जास्त पडलं की काय याची शंका. ती मधेच म्हणाली, फोन ठेवू नका, बाजूला राहू द्या. त्यांनी तो ओट्यावर उभा करून ठेवला. भांड्यातून वाफ यायला लागली. पलीकडे तीही काही तरी करत होती. ताट ठेवल्याचा, खुर्ची ओढल्याचा आवाज येत होता. मग दोघं आपापल्या ठिकाणी जेवायला बसली, फारसं न बोलता.